अंगठ्याच्या ठशाचें माहेर

कलकत्त्यास जाणारा महाराष्ट्रीय प्रवासी बहुधा ठराविक वाटेनें फिरतो. कालीघाटचें दर्शन, दक्षिणेश्वर, नदीपलीकडील बेलूर मठ, शिवपूरच्या बागेंतील तो प्रचंड वटवृक्ष आणि सवड उरलीच तर शांतिनिकेतन, इतकें झालें कीं यात्रा पुरी झाली असें समजून तो परतीची गाडी गांठतो. यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु ज्या नदीनें हें शहर वसविलें तिच्या कांठाकांठानें आणखीहि एक यात्रा करतां येते, आणि ती कोणी सहसा करीत नाहीं. आज पेढींत, रेशनच्या दुकानांत, दस्तनोंदणीच्या कचेरींत आपण ज्या कांचेवर निमूटपणें बोट टेकवितों, त्या बोटाच्या ठशाचें माहेर याच नदीच्या कांठीं आहे. आम्ही ही वाट मुखाकडून वर, म्हणजे कलकत्त्याहून हुगळी आणि हुगळीहून जंगीपूर अशी चाललों. त्यामुळें नदीबरोबर इतिहासहि आम्हांस उलटाच भेटत गेला: आधीं शास्त्र, मग कचेरी आणि शेवटीं एका माणसाचा हात.

लालदिघीच्या उत्तरेस तांबड्या रंगाची रायटर्स बिल्डिंग उभी आहे. कंपनी सरकारच्या कारकुनांसाठीं बांधलेली ही वास्तु पुढें वंग प्रांताचें सचिवालय झाली. १९३० सालीं विनय, बादल आणि दिनेश या तीन तरुणांनीं येथेंच शिरून कारागृहखात्याच्या इंग्रज मुख्याधिकाऱ्यास ठार केलें. आज त्या चौकास त्या तिघांचेंच नांव आहे. २०१३ सालीं राज्याचा कारभार नदीपलीकडे हावड्यास हलविण्यांत आला. वंग सरकारचा दरारा या इमारतींतून चालत होता त्या काळांत, १८९७ च्या जून महिन्यांत, हिंदुस्थान सरकारनें असा ठराव केला कीं गुन्हेगार ओळखण्यासाठीं शरीराचीं मापें घेण्याची पॅरिसच्या बर्टिलाँची पद्धति सोडून द्यावी आणि बोटांचे ठसे घ्यावे. त्या ठरावाबरोबर जगांतील पहिली ठसे-कचेरी कलकत्त्यास सुरू झाली. लंडनच्या स्कॉटलंड यार्डनें तिचें अनुकरण केलें तें चार वर्षांनीं, १९०१ सालीं. विद्या विलायतेहून इकडे यावी हा त्या काळचा रिवाज. ही एक विद्या मात्र इकडून तिकडे गेली.

ठसा घेणें सोपें, पण ठशांच्या राशींतून नेमका हवा तो हुडकून काढणें कठीण. हजारों कागदांत एक कागद कसा शोधावा? याचें उत्तर आपल्या आजीबाईंच्या खेळांत लपलेलें आहे असें म्हटलें तर वाचकांस गंमत वाटेल. लेंकराचीं बोटें उलगडून त्यांवर शंख किती आणि चक्रें किती हें त्या मोजतात ना, तोच हा खेळ. दहा बोटांच्या पांच जोड्या करावयाच्या. पहिल्या जोडींतील बोटावर चक्र असेल तर त्यास सोळा गुण, दुसरींतील चक्रास आठ, मग अनुक्रमें चार, दोन आणि एक. चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडींतील एका बोटाचे गुण वर मांडावयाचे, दुसऱ्याचे खालीं, आणि दोन्ही बेरजांत एकेक मिळवावयाचा. असा एक अपूर्णांक तयार होतो. वर एक ते बत्तीस, खालीं एक ते बत्तीस. म्हणजे ३२ गुणिले ३२, एकूण १,०२४ खण. ज्या माणसाचा जो अपूर्णांक, त्याचा कागद त्या खणांत. मग शोधणाऱ्यानें कपाटें धुंडाळीत बसण्याचें कारण उरत नाहीं.

ही रचना ‘हेन्री पद्धति’ या नांवानें सर्व जगांत गेली, कारण एडवर्ड हेन्री हे त्या वेळीं बंगालच्या पोलिसांचे प्रमुख होते. परंतु तिच्यामागें काझी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन वंगीय अधिकाऱ्यांचे श्रम होते. हक हे प्रेसिडेन्सी कॉलेजांत गणित शिकलेले. वर्गीकरणाच्या गणितांत त्यांचा वांटा फार मोठा होता. बोस यांनीं ठशाचें वर्णन तारेनें कळवितां यावें अशी सांकेतिक भाषा रचली. दोघांसहि पुढें सरकारांतून किताब आणि पारितोषिकें मिळालीं, पण पद्धतीचें नांव बदललें नाहीं. ठसा कोणाचा हें अचूक सांगणाऱ्या शास्त्रास आपल्या जनकांची ओळख मात्र उशिरा पटली!

ही कचेरी निघाली त्यानंतर लवकरच उत्तर बंगालमध्यें जलपायगुडीच्या एका चहाच्या मळ्यावर व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या पेटींत एक बंगाली पंचांग सांपडलें. त्यावर रक्ताळलेल्या अंगठ्याचा पुसट डाग होता. पूर्वीं चोरीबद्दल शिक्षा झालेल्या त्याच्याच एका जुन्या नोकराच्या ठशाशीं तो डाग जुळला. न्यायालयानें त्याला चोरीबद्दल दोषी ठरविलें आणि खुनाच्या आरोपांतून मुक्त केलें. हा निवाडा आम्हांस मोठा मार्मिक वाटतो. अमक्याचा हात अमक्या वस्तूस लागला, एवढें ठसा सांगतो. त्या हातानें काय केलें, हें तो सांगत नाहीं. यंत्राच्या साक्षीची मर्यादा त्या निवाड्यांत १८९८ सालींच आंखली गेली. १८९९ सालीं पुराव्याच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन ठशांच्या जाणकाराचें मत न्यायालयांत ग्राह्य झालें.

हावड्याहून आगगाडीनें सुमारें चाळीस किलोमीटर वर गेलें कीं चुंचुडा आणि हुगळी हीं जोडगांवें लागतात. पोर्तुगीज, डच आणि इंग्रज या तिघांच्याहि खुणा येथें एकाच दिवसांत पाहून होतात. इमामबाड्याच्या दोन उंच मनोऱ्यांमधील घड्याळ, चौकांतील घड्याळाचा खांब, नदीकांठची लांबच लांब कचेरी, आणि जोडाघाटावरील तें घर जेथें बंकिमचंद्र कांहीं काळ राहात असत. गांव शांत आहे. घाटावर म्हातारे लोक संध्याकाळीं वृत्तपत्र वाचीत बसतात; त्यांतील बरेचसे पेन्शनर असावेत असें त्यांच्या बसण्यावरून वाटतें.

पेन्शनरांचा उल्लेख येथें सहज केलेला नाहीं. १८७७ सालीं या जिल्ह्याचे मॅजिस्ट्रेट विल्यम जेम्स हर्शल यांना त्यांचीच काळजी पडली होती. युरेनस ग्रहाचा शोध लावणाऱ्या हर्शलचे हे नातू. आजोबांनीं आकाश न्याहाळलें, नातवानें माणसाचें बोट. त्या काळीं पेन्शनर मेला तरी त्याचें पेन्शन मरत नसे. त्याच्या नांवानें दुसराच कोणी येऊन पैसे उचली. दस्त नोंदवून गेलेला मनुष्य वर्षभरानें येऊन ‘तो मी नव्हेच’ म्हणे. तुरुंगांतहि एकाच्या जागीं दुसरा शिक्षा भोगीत नसेल याची शाश्वति नसे. हर्शल यांनीं या तिन्ही ठिकाणीं ठसे घेण्याचा क्रम सुरू केला आणि तो इतरत्रहि चालू करावा म्हणून वरिष्ठांस लिहिलें. वरिष्ठांनीं ती सूचना पुढें नेली नाहीं. प्रकृति खालावलेले हर्शल पुढल्या वर्षीं स्वदेशीं गेले. पुढें फ्रान्सिस गाल्टन यांनीं १८९२ सालीं आपल्या ग्रंथांत ठशांचें शास्त्र मांडलें, तें बऱ्याच अंशीं हर्शल यांनीं जपून ठेवलेल्या ठशांच्या आधारें. स्वतःच्या हाताचे पन्नासांहून अधिक वर्षांच्या अंतरानें घेतलेले ठसे हर्शल यांच्यापाशीं होते आणि त्यांतील रेषा जशाच्या तशा होत्या.

या रेषा आईच्या पोटांतच घडतात. गर्भाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास त्या उमटूं लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत त्यांची घडण पक्की होते. एकाच गर्भांतून आलेल्या जुळ्या भावांच्याहि रेषा सारख्या नसतात. वरची कातडी झिजली तर तळच्या थरांतून तीच नक्षी पुन्हा वर येते. म्हणूनच या खुणेवर राज्यकर्त्यांचा एवढा विश्वास बसला. मात्र ती वर येण्यास अवसर मिळाला पाहिजे. आणि रोज तेंच काम करणाऱ्या हातांस तो अवसर मिळतोच असें नाहीं.

हुगळीहून वर जाणारी गाडी बांदेलमार्गें काटव्यावरून जाते. या स्टेशनाचें नांव वाचून महाराष्ट्रीय मनुष्यानें क्षणभर गप्प बसावें हें बरें. १७४२ सालीं नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर यांचा तळ येथें पडला होता. त्यानंतरच्या दहा वर्षांत आपल्या स्वारांनीं या मुलखाची जी दशा केली तिची आठवण बंगाली आयांच्या अंगाईगीतांत ‘बर्गी’ या शब्दानें अद्याप शिल्लक आहे. आपण स्वतःस काय म्हणवितों आणि दुसरा आपणांस कशावरून ओळखतो, यांत किती अंतर असूं शकतें, हें काटव्यास कळतें.

जंगीपूर हें मुर्शिदाबाद जिल्ह्याचें उत्तरेकडील गांव. येथें नदीस भागीरथी म्हणतात. अलीकडच्या तीरावर रघुनाथगंज, पलीकडे जुनें जंगीपूर. १९७५ सालीं फराक्क्याचा बांध पुरा झाल्यापासून गंगेचें पाणी कालव्यानें या भागांत आणून नदींत सोडलें जातें. एरवीं वर्षांतील बरेच महिने येथें वाळूच दिसे. एके काळीं कंपनीच्या रेशमाची येथें मोठी घडामोड होती. आज तिची खूण शोधावी लागते.

येथें २८ जुलै १८५८ रोजीं ती गोष्ट घडली. हर्शल तेव्हां पंचवीस वर्षांचे होते आणि या उपविभागाचा कारभार पाहात होते. रस्त्यासाठीं खडी पुरविण्याचा मक्ता त्यांनीं राज्यधर कोनाई नांवाच्या मनुष्यास दिला. कोनाईनें करारनामा स्वतःच्या हातानें लिहिला आणि रिवाजाप्रमाणें तो सही करणार, इतक्यांत साहेबांच्या मनांत कांहीं निराळेंच आलें. शिक्क्यासाठीं कालविलेली तेलकट शाई त्यांनीं कोनाईच्या तळहातास व बोटांस फांसली आणि त्याचा सबंध पंजा कागदाच्या पाठीवर दाबून घेतला. हेतु काय? पुढें सही नाकारण्याचा विचारहि त्याच्या मनांत येऊं नये इतका त्याला धाक बसावा. हें हर्शल यांनींच पुढें १९१६ सालीं आपल्या पुस्तकांत स्पष्ट नमूद केलें आहे.

या हकीकतींतील एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं, ती अशी कीं कोनाई निरक्षर नव्हता. त्याचें अक्षर त्याच कागदावर आहे. लिहितां येत नाहीं म्हणून अंगठा घ्यावा हा प्रघात नंतरचा. पहिला पंजा घेतला गेला तो लिहितां येणाऱ्या माणसाचा, त्याच्या शब्दावर भरवसा नव्हता म्हणून. आदलेंच वर्ष सत्तावनचें. राज्यकर्ते आणि रयत यांच्यांतील विश्वास धुळीस मिळाला होता. जेथें शब्द चालेना तेथें शरीर जामीन घेतलें, असा या शोधाचा जन्म आहे.

आपल्याकडेहि खूण करण्याची चाल जुनीच. मराठी दफ्तरांतील महजर उलगडून पाहावे: कुलकर्ण्याची अक्षरें, पाटलाचा नांगर, आणि बलुतेदारांचीं ज्याचीं त्याचीं हत्यारें. ज्यास लिहितां येत नसे तो ‘निशाणी नांगर’ अशी खूण करी, आणि भोंवतीं बसलेला गांव त्याला साक्षी असे. नांगराची खूण हा मनुष्य कोण तें सांगे. अंगठ्याचा ठसा एवढेंच सांगतो कीं काल आलेला तो हाच. आणखीहि एक भेद आहे: नांगर धरून धरून नांगराची निशाणी पुसली जात नसे, अंगठ्याची निशाणी मात्र नांगर धरल्यानें पुसते.

म्हणून जुनें तेवढें सोनें असें मात्र कोणी समजूं नये. माणसांची साक्षहि फसते. पानपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून मिरविणाऱ्या तोतयाची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. भाऊसाहेबांस डोळ्यांनीं पाहिलेलीं माणसें जिवंत असतांहि १७७६ सालीं त्यानें कोंकणांत असें बंड माजविलें कीं त्यावर फौजा धाडाव्या लागल्या, आणि पार्वतीबाईंच्या जिवाचे किती हाल झाले असतील याची कल्पनाच करावी. तात्यासाहेब केळकरांनीं त्याच प्रकरणावर नाटक रचलें. भाऊंच्या बोटाचा एक ठसा कोठें असता तर तो घोळ एका घटकेंत मिटला असता. खुणेची शक्ति मोठी आहे हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

त्याच शक्तीच्या भरंवशावर २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्या नंदुरबार जिल्ह्यांतील शहादे तालुक्यांतल्या टेंभली या गांवीं पहिले आधार क्रमांक वांटण्यांत आले. दहा बोटें, दोन बुबुळें आणि चेहरा यांची नोंद घेऊन दिलेले हे क्रमांक आज १३० कोटींहून अधिक झाले आहेत. ज्याच्यापाशीं जन्माचा दाखला नाहीं, घराचा उतारा नाहीं, त्यालाहि ‘मी आहें’ असें सरकारदरबारीं म्हणतां यावें हा त्यांतील हेतु चांगला. दूर गांवीं मजुरीस गेलेल्यास तेथें धान्य मिळावें, मदतीचे पैसे मधल्या हातांस न लागतां पोंचावे, हे लाभ खरे आहेत.

परंतु यंत्र ओळखतें म्हणजे काय करतें, हें समजून घेतलें पाहिजे. बोटावरील रेषा कोठें संपतात आणि कोठें फुटतात, ते बिंदु तें टिपतें आणि नोंदींतील बिंदूंशीं ताडून पाहतें. जुळणी ठरलेल्या मापाच्या वर गेली तर होय, खालीं राहिली तर नाहीं. माप सैल ठेवलें तर तोतया आंत शिरतो. कडक केलें तर खराच मनुष्य बाहेर राहतो. दोन्ही दोष एकाच वेळीं शून्य करतां येत नाहींत. प्रश्न एवढाच कीं बाहेर राहणारा तो खरा मनुष्य कोण असतो.

याचें उत्तर जंगीपुरांतच मिळालें. हा सर्व उपविभाग, धुलियान, औरंगाबाद, सुती, रघुनाथगंज, आज विड्या वळण्यासाठीं प्रसिद्ध आहे. दारोदारीं बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असतात: पान कातरावें, तंबाखू भरावी, वळावें, दोरा बांधावा आणि टोंक दुमडावें. मजुरी हजारावर ठरलेली. तंबाखूची धूळ आणि पानाचें घर्षण वर्षानुवर्षें बोटांच्या त्याच शेंड्यांवर होतें, आणि शेंडे कांचेसारखे गुळगुळीत होतात. एका वृद्ध मुसलमान बाईंशीं आमच्या सोबतच्या बंगाली स्नेह्यानें बोलणें काढलें. त्यांस ‘खाला’ म्हणून आम्हीं विचारलें कीं रेशनच्या यंत्रावर बोट लागतें का? त्यांनीं हात पुढें केले आणि म्हणाल्या, ‘बोटें आहेत, बाबा. त्यांवर लिहिलेलें होतें तें गेलें.’ धान्य आणावयास सून जाते; सुनेचें बोट अजून लागतें. तीहि विड्याच वळते.

ज्या भूमींत हाताची खूण प्रथम घेतली गेली, त्याच भूमींत ती कष्टानें पुसली जात आहे. येथें दोष यंत्राचाहि नाहीं आणि बाईंचाहि नाहीं. दोष होतो तो यंत्राच्या ‘नाहीं’ नंतर कोणी पुढें विचारीत नाहीं तेव्हां. सर्वोच्च न्यायालयानें २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालांत आधार योजना बव्हंशीं वैध ठरवितांना हेंहि बजावलें आहे कीं ठसा जुळला नाहीं एवढ्याचसाठीं कोणास हक्काच्या लाभापासून वंचित ठेवूं नये. बुबुळ आहे, चेहरा आहे, मोबाइलवर येणारा आंकडा आहे, आणि कांहींच न जमलें तर कागद पाहून नोंदवहींत नोंद करण्याची वाट आहे. वाट आहे, ती दाखविणारा मात्र खिडकीमागें हवा.

हा विषय परक्या मुलखाचा म्हणून सोडून देतां येण्यासारखा नाहीं. सोलापूर आणि सिन्नर येथेंहि हजारों हात विड्या वळतात. आपल्या घरीं भांडीं घासणाऱ्या बाईंचीं बोटें राखेनें व साबणानें झिजलेलीं असतात. नोव्हेंबर महिना आला कीं हयातीच्या दाखल्यासाठीं आपल्याच आजोबांस किंवा आत्याबाईंस बोट टेकवावें लागतें, आणि वयानें सुकलेल्या कातडीवरून यंत्र दोनदां, तीनदां ‘नाहीं’ म्हणतें. हुगळीच्या पेन्शनरांचा प्रश्न फिरून घरांत आला आहे. तेव्हां प्रश्न मेलेल्यास जिवंत म्हणून पुढें करण्याचा होता. आज जिवंत माणसास आपण जिवंत असल्याचें पटवून द्यावें लागतें. सुशिक्षित घरांना करतां येण्यासारखें पुष्कळ आहे. वडिलधाऱ्यांच्या बुबुळांची व चेहऱ्याची नोंद नीट आहे ना, मोबाइल क्रमांक जोडलेला आहे ना, हें पाहावें. आणि हेंच काम घरीं राबणाऱ्या माणसांसाठींहि, एखाद्या रविवारीं बरोबर जाऊन, करून द्यावें.

याहून मोठें एक काम आहे. आपल्या घरांतील मुलें-मुली पुष्कळदां त्या खिडकीच्या आंतल्या बाजूस बसतात: पेढींत, कोषागारांत, तहसिलींत. बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा हात यंत्रानें नाकारला म्हणजे त्यांनीं मान वर करून त्या माणसाकडे पाहावें, त्याचें नांवगांव विचारावें, त्याचे कागद वाचावे आणि त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें. जंगीपूरच्या त्या कचेरींत १८५८ सालीं कोनाईचें अक्षर समोर असतांना त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला गेला नाहीं. पुसलेल्या बोटांच्या या बायांपाशीं आतां शब्दच उरला आहे, आणि तो ऐकणें आपल्या हातीं आहे.